मुंबईंत पुन्हां जन्मास आलेली मुद्रणकला

सकाळीं चहाबरोबर वर्तमानपत्र चाळीत बसलेल्या एखाद्या सुशिक्षित गृहस्थास कोणीं विचारलें कीं, "उद्यां जगांतील सारे छापखाने नाहींसे झाले, तर तुमच्या हातून एक तरी पान छापलें जाईल काय?" तर तो गृहस्थ प्रथम हंसेल. छापण्यांत अवघड तें काय? अक्षर उलटें कोरावें, त्यास शाई लावावी, वर कागद दाबावा, झालें! परंतु हाच गृहस्थ कोट काढून खरोखर कामास लागला, तर पहिल्या आठवड्यांतच त्यास कळून चुकेल कीं, आपणांस छापलेलें वाचतां येतें एवढेंच. अक्षर कोरावें कशावर? लांकडावर बारीक अक्षर कोरलें तर त्याची कड तुटते, आणि ओल लागली कीं लांकूड फुगतें. शिशावर कोरावें तर तें दाबाखालीं बसतें. पोलादावर कोरावें तर पोलाद आधीं मऊ करण्याची आणि मागाहून कठीण करण्याची रीत ठाऊक पाहिजे. दउतींतली शाई धातूवर टिकत नाहीं. तिचे थेंब होऊन ओघळतात. मग धातूस चिकटणारी शाई कोठून आणावी? आणि एक पान कसेंबसें उमटलें तरी दुसरें पान छापावयास पुन्हां सारीं अक्षरें नव्यानें कोरावयाचीं काय? एखादी वस्तु जगांत आहे हें ठाऊक असणें आणि ती करतां येणें यांमध्यें किती अंतर असतें, याची त्या गृहस्थास तेव्हां कल्पना येईल.

इ. स. १८३० च्या सुमारास मुंबईंत गणपत कृष्णाजी नांवाच्या एका माणसानें हें अंतर स्वतःच्या हातांनीं कापून दाखविलें. त्यांच्यापुढें नमुना होता, पण गुरु नव्हता. त्यांच्या कामगिरीचें मोल कळण्यास मात्र थोडें मागें गेलें पाहिजे. कारण छापण्याची विद्या या किनाऱ्यावर त्यांच्यापूर्वीं एकदां सोडून कित्येकदां आली होती, आणि बहुतेक वेळां आली तशी मावळली होती.

ती प्रथम आली गोव्यास. ६ सप्टेंबर १५५६ रोजीं गोव्याच्या बंदरांत लागलेल्या पोर्तुगीज जहाजांतून जेझुइट पाद्र्यांबरोबर एक मुद्रणयंत्र उतरलें. तें वास्तविक जावयाचें होतें अबिसीनियास. पण राहिलें गोव्यासच, आणि हिंदुस्थानांतील छपाईचा आरंभ अशा रीतीनें चुकून झाला म्हटलें तरी चालेल. पुढें साठ वर्षांनीं, १६१६ सालीं, फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. भाषा मराठी, छंद ओंवीचा, आणि लिपि मात्र रोमन! मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या ग्रंथकारास आपला ग्रंथ परक्या लिपींत छापावा लागला, कारण देवनागरी अक्षरांचे खिळे तेथें नव्हते. १६७४ नंतर तर गोव्यांतील छपाईच थांबली. १८२१ सालीं 'गाझेता द गोआ' हें पत्र निघेपर्यंत, म्हणजे सुमारें दीडशें वर्षें, जेथें ही कला प्रथम उतरली तेथेंच ती नव्हती. यंत्र आलें, पुस्तकें निघालीं, पण कलेचीं मुळें जमिनींत गेलीं नाहींत. राजाश्रय किंवा धर्माश्रय सुटला, कीं अशा बिनमुळाच्या रोपाचें दुसरें काय होणार?

गोव्यांतील दिवा विझत असतांच सुरतेस एका हिंदु व्यापाऱ्याच्या मनांत हीच इच्छा उत्पन्न झाली होती. भीमजी पारेख हे ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे दलाल. आपले प्राचीन ग्रंथ छापावे अशा हेतूनें त्यांनीं १६७० सालीं कंपनीकडे छापणारा मागितला, आणि १६७४ सालीं हेन्री हिल्स नांवाचा कारागीर विलायतेहून मुंबईस आला. त्याचा पगार सालिना ५० पौंड. आल्यावर उघडकीस आलें कीं, हा मनुष्य तयार खिळे जुळवून छापणारा आहे. खिळे कोरणारा किंवा ओतणारा नव्हे. स्वयंपाक्यास बोलवावें आणि त्यानें विचारावें, "पीठ कोठें आहे?" तशांतला हा प्रकार. भीमजींनीं धीर सोडला नाहीं. त्यांनीं आपल्याच माणसांकडून बनिया लिपीचीं अक्षरें करविलीं, आणि त्यांनीं छापलेले कागद चांगले दिसतात असें कंपनीच्या लोकांनींच लिहून ठेविलें आहे. तरी तो प्रयत्न पुढें गेला नाहीं. अगदीं उंबरठ्याशीं येऊन पाऊल मागें फिरलें.

पेशवाईच्या अखेरीस पुण्यांतही असेंच झालें. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या सहवासानें नाना फडणविसांस छपाईची गोडी लागली, आणि एका तांबटास देवनागरी अक्षरें कोरण्यास बसविण्यांत आलें अशी हकीकत आहे. पुढें पुण्याची घडी विसकटली. तो तांबट मिरजेस गेला, आणि तेथें गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं भगवद्गीता छापली गेली. ती खिळ्यांनीं नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरून. म्हणजे प्रत्येक पानाचा पत्रा निराळा, आणि एका ग्रंथाचा पत्रा दुसऱ्या ग्रंथास निरुपयोगी. तांबटाचा हात अव्वल होता यांत संशय नाहीं. पण मुद्रणकलेचें जें खरें मर्म, तें त्याच्या हातीं आलेलें नव्हतें.

तें मर्म कोणतें? यंत्र म्हणजे छापखाना असें सामान्य माणसास वाटतें. वास्तविक दाबण्याचें यंत्र ही त्यांतली सोपी बाजू होय. तेलाचा किंवा उसाचा घाणा करणारा सुतार तें करूं शकेल. मर्म आहे खिळ्यांत. प्रथम पोलादाच्या बोटभर कांबीच्या टोंकावर एक अक्षर उलटें व उठावदार कोरावयाचें. यास ठसा म्हणतात. कोरतांना पोलाद मऊ केलेलें असतें. कोरून झाल्यावर तें तापवून पाण्यांत बुडवितात, म्हणजे कठीण होतें. मग तो ठसा तांब्याच्या लहानशा तुकड्यावर घणानें ठोकला कीं तांब्यांत त्या अक्षराचा खळगा उमटतो, ही मातृका. नांव मोठें सार्थ आहे, कारण पुढील सारी संतति हिच्या पोटची. मातृका एका सांच्याच्या बुडाशीं बसवून वरून पातळ केलेला धातु ओतला कीं एक खिळा तयार होतो. असे हजारों खिळे एकाच मातृकेंतून निघतात, आणि ते सारे उंचीनें इतके सारखे पाहिजेत कीं, फळीवर मांडले असतां एकही वर उठूं नये कीं खालीं राहूं नये. एक खिळा केंसभर उंच राहिला तर त्याचें अक्षर कागद फाडतें आणि शेजारच्या अक्षरांस शाईच पोंचत नाहीं. नुसतें शिसें मऊ पडतें व थिजतांना आकसतें. म्हणून त्यांत कथील आणि अँटिमनी मिसळतात. अँटिमनीनें कठीणपणा येतो आणि आकसणें कमी होऊन अक्षराची कड स्वच्छ उठते. हें मिश्रण पुस्तक वाचून साधत नाहीं. ओतणाऱ्याच्या मनगटास एक विशिष्ट हिसका द्यावा लागतो, नाहींतर धातु सांच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच थिजतो.

इंग्रजीस सव्वीस अक्षरें. लहान, मोठीं, आंकडे, विरामचिन्हें धरून शंभराच्या आसपास ठसे झाले कीं काम भागतें. देवनागरीचा संसार याहून फार मोठा. व्यंजनें, स्वर, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, आणि या सर्वांवर जोडाक्षरांची फौज! ठशांची संख्या कित्येक शेंकडे होते. मात्रा अक्षराच्या डोक्यावर, उकार पायाखालीं. म्हणून एका ओळींत तीन ओळी सांभाळाव्या लागतात. स्टीफन्सपासून भीमजींपर्यंत सारे कां अडले हें यावरून दिसेल. त्यांना बुद्धि कमी होती असें नव्हे. डोंगरच मोठा होता.

हा डोंगर प्रथम ओलांडला गेला तो बंगाल्यांत. १७७८ सालीं हॅल्हेडचें बंगाली व्याकरण छापण्यासाठीं चार्ल्स विल्किन्स या कंपनीच्या अधिकाऱ्यानें बंगाली अक्षरांचे ठसे केले, आणि त्याच्या हाताखालीं पंचानन कर्मकार नांवाचा लोहार ही कला शिकला. पंचानन पुढें श्रीरामपूरच्या मिशनमध्यें गेला. त्यानें ती आपला जांवई मनोहर यास शिकविली. डॉक्टर कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं देवनागरी खिळ्यांनीं निघालें तें याच छापखान्यांतून. विल्किन्सचें नांव इतिहासांत मोठ्या अक्षरांत येतें. परंतु विल्किन्स स्वदेशीं परतल्यावरही ती कला येथें जिवंत राहिली ती लोहाराच्या घरांत, हें विसरतां कामा नये.

श्रीरामपूरची एक हकीकत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ११ मार्च १८१२ च्या सायंकाळीं त्या छापखान्यास आग लागली. कागदाचा सांठा, अनेक पौर्वात्य भाषांचे खिळे आणि हस्तलिखितें यांची राख झाली. दुसरे दिवशीं ढिगारा उपसतांना वितळलेल्या शिशाचे गोळे सांपडले, आणि त्यांच्याबरोबर सांपडले ठसे व मातृका. पोलाद आणि तांबें यांस त्या आगीची फारशी बाधा झाली नव्हती. दाबयंत्रेंही वांचलीं होतीं. ओतणाऱ्यांस ताबडतोब कामास लावण्यांत आलें. त्याच वितळलेल्या शिशाचे पुन्हां खिळे झाले, आणि थोडक्या आठवड्यांत छपाई सुरू झाली. याच्या उलट डॉक्टर कॅरे यांचा अनेक भाषांचा महाकोश, वर्षानुवर्षें हातानें लिहून काढलेला, त्याची दुसरी प्रत नव्हती. तो गेला तो गेलाच. ओतलेले खिळे गेले तर परत येतात, कारण त्यांची आई शिल्लक असते. हाताच्या एकुलत्या एका प्रतीस आई नसते.

आतां मुंबईकडे वळूं. अमेरिकन मिशनच्या पाद्र्यांनीं १८१६ च्या सुमारास मुंबईंत छापखाना घातला, आणि १८१७ पासून त्यांचीं मराठी पुस्तकें निघूं लागलीं. यंत्र व खिळे कलकत्त्याकडून आणलेले. लोक कुतूहलानें पाहूं लागले, कांहीं नाकें मुरडूं लागले. पुस्तकें सारीं परधर्माचीं; तेव्हां छापणें म्हणजेच बाटणें अशी पुष्कळांची समजूत झाली असल्यास नवल नाहीं. पारशी मंडळी मात्र पुढें होती. जिजीभाई छापगर यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीसच गुजराती खिळे पाडले होते, आणि फर्दुनजी मर्झबान यांनीं १८१२ सालीं स्वतःचा गुजराती छापखाना काढून १८२२ सालीं 'मुंबई समाचार' सुरू केला. मराठी माणसाच्या मालकीचा छापखाना मात्र नव्हता.

गणपत कृष्णाजींनीं मिशनचा छापखाना पाहिला, आणि "आपणही असें करावें" या विचारानें ते घरीं आले. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मुंबईचें वर्णन' या ग्रंथांत त्यांची हकीकत मोठ्या कौतुकानें दिली आहे. त्यांनीं घरच्याघरीं एक लांकडी दाबयंत्र केलें, एक लहानसा दगड मिळविला, शाई स्वतःच करून पाहिली, आणि लहान लहान कागद छापून हात बसविला. हात बसल्यावर मग लोखंडी यंत्र आलें. आरंभ त्यांनीं खिळ्यांनीं केला नाहीं, शिळाछापानें केला; आणि यांतच या माणसाची व्यवहारबुद्धि दिसून येते.

शिळाछापाची युक्ति जर्मनींत सेनेफेल्डर यानें अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत शोधून काढली. तिला खिळे नकोत, ठसे नकोत, मातृका नकोत. एक विशिष्ट जातीचा बारीक कणांचा चुनखडीचा दगड गुळगुळीत घांसून त्यावर स्निग्ध शाईनें अक्षरें उतरवावयाचीं. मग दगडास आम्ल व गोंद यांचें पाणी द्यावयाचें. नंतर दगड भिजविला कीं कोऱ्या जागीं पाणी राहतें आणि स्निग्ध अक्षरांवरून तें निसटतें. आतां शाईचा रूळ फिरविला तर उलट घडतें. शाई ओल्या जागेस शिवत नाहीं, फक्त अक्षरांस चिकटते. वर कागद ठेवून दाबला कीं पान उमटलें. तेल आणि पाणी यांचें वैर घराघरांतील बायकांस ठाऊक आहे. त्या वैराचाच हा उपयोग. देवनागरीचीं शेंकडों जोडाक्षरें येथें आडवीं येत नाहींत, कारण लेखक जें लिहील तें छापतें. वळणदार अक्षर काढणारे लेखक तर मुंबईंत पुष्कळ होते. पोथ्यांच्या नकला करून पोट भरणाऱ्या त्या लोकांचा धंदा छापखान्यानें पुढें बुडविला हें खरें; पण आरंभीं त्यांच्यांतल्या कांहींस त्यानें काम दिलें हेंही खरेंच.

१८३१ सालीं गणपत कृष्णाजींनीं छापलेलें पंचांग काढलें. मराठींत छापलेलें हें पहिलें पंचांग. दुसरें कोणतेंही पुस्तक न घेतां पंचांगच कां घेतलें, हें थोडा विचार केल्यास ध्यानांत येतें. तोंपर्यंत पंचांग हातानें लिहिलें जाई. जोशी पाडव्यास तें घरोघर वाचून दाखवी, आणि नक्कल करणाऱ्याची डुलकी एखाद्या आंकड्यांत उतरली तर त्या गांवची एकादशी चुकण्याचा संभव असे. प्रत्येक घरास लागणारी, दर वर्षीं नव्यानें घ्यावी लागणारी, आणि जिच्या सर्व प्रती तंतोतंत सारख्या असण्यांतच जिचें मोल आहे अशी दुसरी वस्तु कोणती सांपडली असती?

अडचण आली ती भलत्याच बाजूनें. छापील कागदास हात लावणें विहित कीं निषिद्ध, अशी शंका सोंवळ्या मंडळींनीं काढली. छापण्याच्या शाईंत चरबी असते असा त्यांचा आक्षेप होता. आणि तो वेडगळ नव्हता. शिळाछापाची शाई स्निग्ध असावीच लागते, आणि युरोपांत त्या कामीं जनावराची चरबी वापरीत हें खरेंच आहे. पंचांग देवघरांत ठेवावयाचें, त्यावरून संकल्प सोडावयाचा, आणि त्याच्या अक्षराअक्षरांत चरबी! गणपत कृष्णाजींनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं चरबीच्या जागीं तूप घातलें. दगडास तूप काय आणि चरबी काय, दोन्ही स्निग्धच. पाणी दोहोंसही सारखेंच टाळतें. पण देवघरास त्यांतला भेद चांगला कळतो. मुंबईच्या उन्हाळ्यांत तूप आपोआप पातळ होतें. तेव्हां त्याची शाई कामापुरती घट्ट राखण्यास पुष्कळ खटपट पडली असली पाहिजे. परदेशची कृति जशीच्या तशी उचलणाऱ्यास ही युक्ति सुचली नसती. ज्यानें शाई स्वतः घोटली होती, तिच्यांत कोणता पदार्थ कशासाठीं पडतो हें ज्यास हातानें ठाऊक होतें, त्यासच एक पदार्थ काढून दुसरा घालण्याचें धैर्य झालें.

एवढ्यावर ते थांबले असते तरी त्यांचें नांव राहिलें असतें. परंतु शिळाछापास मर्यादा आहेत; मोठे ग्रंथ, शुद्ध व सुबक, खिळ्यांवांचून होत नाहींत. तेव्हां त्यांनीं ठसे, मातृका आणि खिळे करण्याचें कामही हातीं घेतलें. यंत्र, शाई, अक्षर, ओतकाम सारें एका छपराखालीं आलें. दोनशें वर्षें जे जे अडले होते, ते कोठें ना कोठें कोणावर तरी अवलंबून राहून अडले होते; भीमजी विलायतेच्या कारागिरावर, मिरजेचा तांबट आपल्या धन्यावर. येथें प्रथमच ती सांखळी एका मराठी माणसाच्या कारखान्यांत पुरी झाली. १८६० सालीं गणपत कृष्णाजी वारले, तेव्हां मुंबईंत छापील पोथी ही नवलाईची वस्तु राहिली नव्हती.

कला टिकली कीं नाहीं याची परीक्षा मात्र पहिल्या माणसाच्या पश्चात् व्हावयाची असते. मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम नांवाचा मोठा कुशल ठसेकार होता. त्याच्या हाताखालीं दहा वर्षांचा एक पोरका मुलगा दरमहा दोन रुपयांवर खिळे घांसण्यास राहिला. ओतून काढलेल्या खिळ्याच्या अंगास राहिलेली कड घांसून टाकावयाची, एवढेंच काम. दिवसभर बोटें काळीं. हा मुलगा म्हणजे १८३९ सालीं जन्मलेले जावजी दादाजी. घांसतां घांसतां खिळा कोठें चुकतो हें त्यांच्या बोटांस कळूं लागलें. दुसऱ्या छापखान्यांतून अनुभव घेऊन १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला, आणि त्यानंतर पांच वर्षांनीं, १८६९ सालीं, निर्णयसागर छापखाना. हा अनुक्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे: आधीं खिळे, मग छापखाना. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनीं देवनागरीचे जे ठसे कोरले, त्यांचें वळण इतकें डौलदार उतरलें कीं, निर्णयसागरी खिळा हें चांगल्या अक्षराचें मापच होऊन बसलें. १८८६ सालीं सुरू झालेली 'काव्यमाला' या छापखान्यानें काढली, आणि जे संस्कृत ग्रंथ एखाद्या शास्त्र्याच्या दप्तरांत एका प्रतीनें जीव धरून होते, ते काशीपासून युरोपच्या विद्यापीठांपर्यंत पोंचले. कॅरेच्या कोशाची जी गत झाली, ती या ग्रंथांची पुढें होण्याचें भय राहिलें नाहीं. जावजी १८९२ सालीं वारले.

त्यानंतर शंभर वर्षें मराठी मजकूर मुख्यतः शिशाच्या खिळ्यांनींच छापला गेला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत ऑफसेट यंत्रें व संगणक आले आणि खिळ्यांचे छापखाने एकामागून एक बंद झाले. ऑफसेटची छपाई तेल आणि पाणी यांच्या त्याच जुन्या वैरावर चालते. गणपत कृष्णाजींचा दगड जाऊन त्या जागीं पातळ पत्रा आला एवढेंच. खिळ्यांच्या पेट्या वजनावर मोडींत गेल्या, आणि शिसें दुसऱ्या कामास लागलें. कांहीं ठसे व मातृकाही त्याबरोबर गेल्या. पोलादावर 'क्ष' किंवा 'ज्ञ' उलटा कोरून, तो पाण्यांत बुडवून तांब्यावर ठोकणारे हात आतां शोधूं गेल्यास फार थोडे सांपडतील.